चेकपॉइंट असूनही पेशी चुकते कशी? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पेशीविभाजनावर एक छोटं टिपण होतं, त्यात एक वाक्य होतं की पेशीचे चेकपॉइंट (विभाजन पुढे जाऊ द्यायचं की थांबवायचं हे जिथे ठरतं ते टप्पे) नीट चालले नाहीत तर गुणसूत्रांची वाटणी चुकते आणि कॅन्सरला वाव मिळतो. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं अख्खं पान त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : मी बारावीला आहे. पुस्तकात पेशीचक्राच्या जी१, एस, जी२, एम या टप्प्यांची गोल आकृती आहे आणि त्यावर तीन ठिकाणी चेकपॉइंट म्हणून खुणा केल्यात. पण तिथे तपासतं कोण? पेशीला ना डोळे ना मेंदू, मग गुणसूत्रं नीट लागली की नाही हे तिला कळतं कसं?

छान विचारलंस, कारण ती आकृती घोकून पाठ होते पण नेमकं हेच त्यात नसतं. तपासणारं असं वेगळं कोणी नाहीच. तीनपैकी शेवटचा चेकपॉइंट घेऊ, विभाजन प्रत्यक्ष चालू असतानाचा, कारण गुणसूत्रांच्या वाटणीशी थेट संबंध त्याचाच आहे.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं. विभाजनाआधी प्रत्येकाची कॉपी झालेली असते, आणि दोन्ही कॉपी कोहेसिन नावाच्या प्रोटीनच्या कड्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. प्रत्येक कॉपीच्या कमरेपाशी कायनेटोकोर नावाचा प्रोटीन्सचा एक गठ्ठा असतो, म्हणजे एकूण ९२ कायनेटोकोर. पेशीच्या दोन टोकांकडून तर्कूचे (गुणसूत्रं ओढून वेगळी करणाऱ्या स्पिंडल नावाच्या रचनेचे) तंतू येतात आणि या कायनेटोकोरला पकडतात, जोडीतल्या एकीला या टोकाचे आणि दुसरीला त्या टोकाचे. हे पकडणं बरंचसं चाचपडत चालतं, तंतू वाढतात, काही सापडलं नाही तर आखडतात, परत वाढतात. त्यामुळे काही गुणसूत्रं लगेच लागतात आणि एखादं बराच वेळ मोकळंच राहतं.

आता गंमत अशी की 'सगळं लागलं, चला' असा सिग्नल पेशीत तयारच होत नाही. तयार होतो तो उलटा सिग्नल, 'थांबा'चा, आणि तो तयार करतो न लागलेला कायनेटोकोर स्वतः. मोकळ्या कायनेटोकोरवर मॅड२ नावाचं प्रोटीन येऊन बसतं, तिथे त्याचा आकार बदलतो, आणि बदललेल्या आकारात ते सीडीसी२० नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला धरून ठेवतं. सीडीसी२० अडकलं की एपीसी नावाचं मोठं यंत्र बंद राहतं. ज्या क्षणी शेवटचा कायनेटोकोर लागतो, त्या क्षणी 'थांबा' म्हणणारं कोणी उरत नाही, सीडीसी२० सुटतं, एपीसी सुरू होतं आणि सेक्युरिन व सायक्लिन बी या दोन प्रोटीन्सची विल्हेवाट लागते. सेक्युरिनने जखडून ठेवलेली सेपरेज नावाची कात्री मोकळी होते, कोहेसिनची कडी कापते आणि सगळ्या जोड्या जवळजवळ एकदमच सुटतात.

सहलीच्या बसचं उदाहरण घे. बाई मुलं मोजत बसत नाहीत, बाहेर राहिलेलं मूल स्वतःच 'मी राहिलो' म्हणून ओरडतं आणि एक जरी ओरडत असेल तरी बस हलत नाही. ओरड थांबली की बस निघाली. हे एक मूल खरंच पुरतं का, ते कॉनली रीडर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवलं. कांगारूच्या भाऊबंदांतला पोटोरू नावाचा छोटा प्राणी आहे, त्याच्या किडनीच्या पेशी अगदी चपट्या असतात आणि गुणसूत्रं मोजकीच आणि मोठी, त्यामुळे मायक्रोस्कोपखाली एकेक वेगळं दिसतं. त्यांनी अशा पेशी शोधल्या जिथे एकच कायनेटोकोर लागायचा राहिला होता आणि त्यामुळे विभाजन अडून बसलं होतं. मग त्या एका कायनेटोकोरवर लेझर मारून तो नष्ट केला. गुणसूत्र अजूनही नीट लागलेलं नव्हतंच, चूक तशीच होती, पण ओरडणारा गेला, आणि पेशी थोड्याच वेळात पुढे सरकून विभागली.

हा प्रयोग नीट डोक्यात ठेव. चेकपॉइंटला 'वाटणी बरोबर होतेय का' हे कळत नाही, त्याला फक्त 'कोणी मोकळं आहे का' एवढंच कळतं. खालच्या बऱ्याच उत्तरांची चावी इथेच आहे.

प्रश्न : चेकपॉइंट ही कल्पना आली कुठून? कोणाला सुचलं हे?

लेलँड हार्टवेल, यीस्टवर काम करणारा माणूस. त्याला पॉल नर्स आणि टिम हंट यांच्यासोबत २००१ चं नोबेल मिळालं. पण मला त्याच्या कामातलं सगळ्यात आवडतं ते १९८८ साली टेड वाइनर्टबरोबर केलेलं. यीस्टवर एक्स-रे मारले की डीएनए तुटतो, साधं यीस्ट विभाजन थांबवून दुरुस्ती करतं आणि मग पुढे जातं. रॅड९ नावाचं जीन बिघडलेलं यीस्ट मात्र न थांबता विभागतं आणि मरतं. कोणालाही वाटेल की याला दुरुस्तीच येत नसणार. तर यांनी काय केलं, त्या बिघडलेल्या यीस्टला औषध घालून काही तास जबरदस्तीने थांबवून ठेवलं आणि मग सोडलं, तर बरंचसं यीस्ट जगलं! म्हणजे दुरुस्तीची सगळी हत्यारं त्याच्याकडे होती, फक्त थांबायचं कळत नव्हतं. थांबणं हे दुरुस्तीपेक्षा वेगळं काम आहे आणि त्यासाठी वेगळी जीन्स आहेत, हे तिथे उघड झालं. पुढे १९९१ साली दोन वेगवेगळ्या लॅबनी यीस्टमध्येच तर्कूवरच्या शेवटच्या चेकपॉइंटची मॅड आणि बब या नावांची जीन्स शोधली, वरच्या उत्तरातलं मॅड२ त्यांपैकीच.

प्रश्न : मग सरळ हिशोब असा की चेकपॉइंटचं जीन बिघडलं की कॅन्सर. तसं असेल तर ते जीन दुरुस्त करायचं औषध अजून का नाही निघालं?

सरळ हिशोब नाही ना, तीच तर अडचण आहे. १९९७ मध्ये बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या लॅबने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी वाढवून बघितल्या तर काही प्रकारच्या पेशींमध्ये पिढीगणिक गुणसूत्रांची संख्या बदलत होती, एखादं जास्त, एखादं गायब. काही पेशींमध्ये मात्र संख्या छान ४६ च्या आसपास टिकून होती, त्यांचा बिघाड वेगळा होता, डीएनए कॉपी करतानाच्या बारीक स्पेलिंगच्या चुका त्यांना दुरुस्त करता येत नव्हत्या. पहिल्या प्रकाराला गुणसूत्रांची अस्थिरता म्हणतात, सोयीसाठी सीआयएन. लगेच पुढच्या वर्षी त्याच लॅबला काही गाठींमध्ये बब१ हे चेकपॉइंटचं जीन बिघडलेलं सापडलं आणि सगळ्यांना वाटलं, सापडला चोर. मग जगभर गाठींमध्ये मॅड आणि बब जीन्स तपासली गेली आणि बिघाड फारच क्वचित सापडला. बहुतेक अस्थिर गाठींमध्ये हा चेकपॉइंट चालू असतो. औषधाने तंतू मोडून टाकले तर त्या पेशीही थांबतात!

का, ते उंदरांवरून कळतं. मॅड२ च्या दोन्ही प्रती काढून टाकल्या तर उंदीर जन्मालाच येत नाही, गर्भ अगदी सुरुवातीला मरतो, कारण दर विभाजनात वाटणी इतकी चुकते की पेशी जगूच शकत नाहीत. एक प्रत ठेवली तर उंदीर जन्मतो, वाढतो, आणि बऱ्याच उशिरा त्यातल्या अनेकांना फुप्फुसात गाठी होतात. म्हणजे चेकपॉइंट पूर्ण गेला की कॅन्सर नाही, सरळ मरण. कॅन्सरच्या पेशीला परवडतो तो थोडासा ढिसाळपणा, मरण्याइतका नाही पण दर काही विभाजनांत एखादं गुणसूत्र इकडचं तिकडे होईल एवढा. 'चेकपॉइंट बिघडला म्हणून कॅन्सर' हे वाक्य चुकीचं नाही, पण अर्धवट आहे आणि त्यावरून औषधाचा विचार करायला गेलं की वाट चुकते.

प्रश्न : चेकपॉइंट चालू आहे आणि तरी गुणसूत्रं चुकीच्या पेशीत जातात, हे कसं शक्य आहे?

लेझरचा प्रयोग आठवा. चेकपॉइंटला फक्त मोकळा कायनेटोकोर कळतो. आता समजा एकाच कायनेटोकोरला दोन्ही टोकांचे तंतू एकदम चिकटले, तर तो मोकळा नाही, म्हणजे ओरडणार नाही. बसच्या भाषेत, पोराचा एक हात या बसच्या दांडीला आणि दुसरा त्या बसच्या, ते 'मी राहिलो' कशाला म्हणेल. विभाजन सुरू होतं, बाकीची गुणसूत्रं दोन बाजूंना जातात आणि हे मधेच ताणलेलं लोंबकळत राहतं. नशिबाने योग्य बाजूला गेलं तर ठीक, बरेचदा जातंही, नाहीतर एका पेशीत ४७ आणि दुसरीत ४५.

असं चिकटणं निरोगी पेशीतही होतं, पण तिथे ऑरोरा बी नावाचं एन्झाइम चुकीचे तंतू सोडवत राहतं आणि वेळेत बहुतेक निस्तरतं. अस्थिर कॅन्सर पेशींमध्ये तंतू जास्त घट्ट बसतात, पटकन सुटत नाहीत, म्हणून चूक निस्तरायच्या आधीच विभाजन सुरू होतं. शिवाय अनेक कॅन्सर पेशींमध्ये सेंट्रोसोम (ज्यांच्यापासून तर्कूची टोकं बनतात) दोनाऐवजी तीन-चार असतात, तर्कू काही वेळ तीन-चार टोकांचा होतो, मग टोकं गोळा होऊन परत दोन होतात, पण त्या गडबडीत हे दोन्हीकडून चिकटणं खूप वाढतं. लॅबमध्ये मोजलंय : निरोगी पेशींमध्ये साधारण शंभर विभाजनांत एखादी चूक, तर अस्थिर कॅन्सर पेशींमध्ये दर एक ते पाच विभाजनांत एक.

मागे राहिलेल्या गुणसूत्राची पुढची कथा आणखी वाईट आहे. ते कधीकधी मुख्य केंद्रकात पोचतच नाही, त्याच्याभोवती वेगळंच छोटं केंद्रक तयार होतं, मायक्रोन्यूक्लिअस. याचं आवरण कच्चं असतं, फाटतं, आतल्या डीएनएची कॉपी नीट होत नाही आणि गुणसूत्राचे अक्षरशः तुकडे होतात. पुढे ते तुकडे कसेही उलटसुलट जोडले जातात, काही हरवतात. २०११ साली कॅन्सरच्या जीनोममध्ये असं एकच गुणसूत्र चुरा होऊन परत सांधलेलं दिसलं तेव्हा लोक चक्रावले होते, कारण तोपर्यंत समज असा की बिघाड वर्षानुवर्षं एकेक करून साठतो. इथे एक-दोन विभाजनांत डझनावारी बदल! पुढच्या काही वर्षांत मायक्रोन्यूक्लिअसशी त्याचा धागा जुळला. म्हणजे संख्येची चूक आणि गुणसूत्र तुटण्याची चूक हे वाटतात तितके वेगळे विषय नाहीत.

प्रश्न : डाउन सिंड्रोममध्ये सगळ्याच पेशींत २१ नंबरचं गुणसूत्र जास्त असतं. मग त्या मुलांना सगळ्या प्रकारचे कॅन्सर जास्त व्हायला हवेत. होतात का?

नाही होत. लहानपणी ल्युकेमियाचा धोका नक्कीच जास्त असतो, पण घट्ट गाठींचे (म्हणजे रक्ताचे सोडून बाकीचे) कॅन्सर एकूणात उलट कमी दिसतात. तुमच्या प्रश्नातच एक महत्त्वाचा फरक आहे. जास्तीचं गुणसूत्र असणं ही एक स्थिती झाली, आणि दर विभाजनात संख्या बदलत राहणं ही चालू प्रक्रिया झाली. डाउन सिंड्रोममध्ये ४७ ही संख्या स्थिर असते.

आणि नुसतं जास्तीचं गुणसूत्र पेशीला फायद्याचं नसतंच मुळी. शेकडो जीन्सची प्रोटीन्स दीडपट बनायला लागतात, ती घडी घालणं आणि नको ती मोडणं या कामावर ताण येतो. यीस्टमध्ये एक गुणसूत्र जास्त घातलं की बहुतेक वेळा वाढ मंदावते, हे २००७ मध्ये अँजेलिका ॲमन यांच्या गटाने दाखवलं. माणसात लैंगिक गुणसूत्रं सोडली तर जास्तीचं गुणसूत्र घेऊन बाळ जन्माला येऊ शकतं ते प्रामुख्याने १३, १८ आणि २१ या तिघांच्या बाबतीत, बाकीच्यांत गर्भ टिकतच नाही.

मग ९० टक्क्यांच्या आसपास घट्ट गाठींमध्ये संख्या बिघडलेली का असते? कारण गाठीत लाखो पेशी वेगवेगळ्या चुका करून बघत असतात. बहुतेक चुका तोट्याच्या, त्या पेशी मागे पडतात किंवा मरतात. एखादीत वाढीचं जीन असलेलं गुणसूत्र जास्त आणि वाढ रोखणारं कमी असा संयोग जुळतो आणि ती पुढे निघते. केमो सुरू झाली की परत तेच, कोणाच्या तरी अंगी नेमकं त्या औषधाला पुरून उरणारं कॉम्बिनेशन आधीच असतं. औषधाला दाद न देणारी गाठ बरेचदा अशी घडते.

यात पी५३ या प्रोटीनचा हात मोठा आहे. वाटणी चुकलेल्या पेशीला पी५३ सहसा पुढच्या फेरीत अडवतं, किंवा आत्महत्या करायला लावतं. निम्म्याच्या आसपास कॅन्सरमध्ये पी५३ बिघडलेलं असतं, त्यामुळे चुकलेली पेशी अडत नाही, विभागत राहते. (हत्तीकडे याच्या जीनच्या २० जोड्या आहेत आणि एवढ्या पेशी असूनही त्याला कॅन्सर कमी होतो. आपल्याकडे एकच जोडी.)

प्रश्न : वडिलांच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये 'गुणसूत्रांमध्ये बरेच बदल' असं आहे. आम्हा भावंडांनी टेस्ट करून घ्यावी का? आणि 'अटिपिकल मायटोसिस' म्हणजे काय?

ते बदल सहसा फक्त गाठीच्या पेशींमध्ये, आयुष्याच्या ओघात झालेले असतात, ते मुलांकडे येत नाहीत. चेकपॉइंटशी संबंधित बिघाड जन्मतःच असणं दुर्मीळ आहे : पी५३ चा असला तर ली-फ्रॉमेनी सिंड्रोम, त्यात एकाच कुटुंबात तरुण वयात वेगवेगळे कॅन्सर दिसतात. बबआर१ या चेकपॉइंट प्रोटीनचं जीन दोन्हीकडून बिघडलेलं असलं तर एक फारच विरळ आजार होतो, पण तो लहानपणीच लक्षात येतो. घरात कमी वयात अनेकांना कॅन्सर झाले असतील तर जेनेटिक काउन्सेलरला भेटा, नुसत्या या रिपोर्टवरून टेस्टच्या मागे लागू नका.

अटिपिकल मायटोसिस म्हणजे मायक्रोस्कोपखाली विभाजन वेडंवाकडं दिसतंय, तीन टोकांचा तर्कू, मागे लोंबकळणारं गुणसूत्र वगैरे. हे जर्मन पॅथॉलॉजिस्ट डेव्हिड फॉन हान्सेमान यांनी १८९० मध्येच टिपून ठेवलं होतं. तिथून थेओडोर बोव्हेरीने धागा पकडला. तो सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांवर काम करायचा, एका अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्या की तर्कूला जास्त टोकं होतात, वाटणी विस्कटते आणि गर्भ बिघडतो, ते बघून १९०२ मध्ये त्याला वाटलं की गाठीही अशाच होत असतील. १९१४ मध्ये त्याने त्यावर पुस्तकच लिहिलं आणि त्यात वाढ रोखणाऱ्या गुणसूत्रांची कल्पनाही मांडली, तेव्हा आनुवंशिकता डीएनएमध्ये असते हे कोणाला माहीत नव्हतं आणि माणसाची गुणसूत्रं ४६ आहेत हे कळायला १९५६ उजाडायचं होतं. वडिलांच्या बाबतीत मात्र हा एक शब्द सुटा वाचू नका, तो बाकीचा रिपोर्ट, ग्रेड आणि स्टेज यांच्या जोडीने डॉक्टरांकडून समजून घ्या.

प्रश्न : पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन ही कॅन्सरची औषधं विभाजन थांबवतात असं वाचलं. पण तुम्ही म्हणता कॅन्सर पेशी ढिसाळपणावर जगते, मग थांबवण्यापेक्षा अजून ढिसाळ केली तर?

तुम्ही विचारताय ते नुसतं तर्काने नाही, प्रत्यक्षात होतं. व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतून निघालं, पॅक्लिटॅक्सेल यू नावाच्या झाडाच्या सालीतून. पहिलं तंतू बनू देत नाही, दुसरं ते मोडू देत नाही, दोन्हीत कायनेटोकोर नीट लागत नाहीत, चेकपॉइंट ओरडत राहतो आणि पेशी तासन् तास अडकून शेवटी मरते किंवा विभाजन न करताच बाहेर सटकते. लॅबमध्ये जास्त डोस घातला की हेच दिसतं आणि पुस्तकातही हेच आहे. पण २०१४ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटच्या गाठीत पॅक्लिटॅक्सेल प्रत्यक्ष किती पोचतं ते मोजलं तेव्हा कळलं की तेवढ्या प्रमाणात पेशी फारशा अडकत नाहीत. त्या विभागतात, पण तीन-चार टोकांच्या तर्कूने, आणि गुणसूत्रांची इतकी वाईट वाटणी होते की पोरी-पेशी मरतात. म्हणजे इतकी वर्षं वापरात असलेलं औषध बहुधा ढिसाळपणा वाढवूनच काम करतंय.

या औषधांनी केस गळतात ते केसांच्या मुळाशी पेशी सतत विभागत असतात म्हणून. हातापायाला मुंग्या येतात त्याचं कारण वेगळं, लांबलचक मज्जातंतूंमध्ये मालाची ने-आण याच प्रकारच्या तंतूंवरून चालते आणि औषधाला विभाजनाचे तंतू कोणते आणि हे कोणते ते कळत नाही. त्यामुळे आता लोक अशी प्रोटीन्स शोधताहेत ज्यांच्यावाचून निरोगी पेशीचं फारसं अडत नाही पण अस्थिर पेशीचं विभाजन कोलमडतं. केआयएफ१८ए हे त्यातलं पुढे आलेलं नाव. हे प्रोटीन नसलेले उंदीर जगतात, नरांना पिल्लं होत नाहीत एवढंच, उलट अनेक अस्थिर कॅन्सर पेशी ते बंद केलं की विभाजनातच अडकतात. त्यावरच्या औषधांच्या पेशंटवर चाचण्या सुरू झाल्यात.